दहा हात लांब, दहा हात रुंद

आमच्या घरात दर गणपतीला एक माणूस मरायचं. पहिल्या वर्षी बाबांचे काका गेले, दुसऱ्या वर्षी आईची आत्या, तिसऱ्या वर्षी पुन्हा बाबांच्याच बाजूचे कुणी चुलत मामा. आखातातल्या अबकैक या तेलाच्या गावातली पुण्या-नाशिकची इंजिनिअर मंडळी बंद दाराआड, टाळ्या न वाजवता, टेबलावर वीतभर मूर्ती बसवायची आणि आरतीला दिवेकरांना बोलवायची. दिवेकर पडेल चेहऱ्यानं सांगायचे, "सुतक आहे हो आम्हाला." तिसऱ्या वर्षी एका काकूंनी आईला जवळ घेतलं आणि सांगितलं, "अहो, तुमच्या घराण्याला काहीतरी लागलंय, गावी गेलात की शांत करून घ्या." आई घरी येऊन पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी मेलेल्या नातेवाइकांची यादी ठेवली होती, एकच माणूस चुकून दोनदा मरू नये म्हणून.

दिवेकर हे आडनाव आमच्या फार कामाला आलं. ते ब्राह्मणांतही असतं आणि आमच्यातही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, रायगडाकडचे. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून गावातले लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. आमच्या धर्माच्या माणसाला त्या देशात कामावर कुणी घेतलं नसतं, आणि बाबांना तर तिथलाच पगार हवा होता. म्हणून त्यांनी फॉर्मवर 'हिंदू' लिहिलं आणि शाळेच्या दाखल्यावरचं एकनाथ हे नाव पुढे केलं. घरात ते एलियाहू. मी बाहेर लीला, घरात लेया. इकामा म्हणजे तिथं राहण्याची परवाना-पुस्तिका. ती मुसलमानांना हिरवी मिळे, बाकीच्यांना तपकिरी. आमची तपकिरी होती आणि आम्हाला तेवढं पुरेसं होतं. एक शब्द तोंडातून निसटला तर नोकरी जाईल, तुरुंग होईल, आणि त्यापुढे काय होईल ते बाबा कधी सांगत नसत. नुसतं बोट ओठांवर ठेवत. तीन वर्षं मी ते बोट बघत जेवले.

घर पहिल्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीतून जावं लागे अशी एक आतली खोली. आतल्या खोलीला एकच लहान खिडकी होती. खिडकीतला एसी दिवसरात्र घरघरत असे. कारखान्याकडून गॅसचा, सडक्या अंड्यासारखा वास येई, आणि दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेलो तर तो वास नाही म्हणून चुकल्यासारखं होई. आई मटण पाण्यात भिजवून, मीठ लावून, रक्त पूर्ण काढून मगच शिजवायची आणि कालवणाला नारळाचं दूध घालायची, कारण मटणाबरोबर दही-दूध आमच्यात चालत नाही. शुक्रवारी दुपारी ती काळ्या मनुका भिजत घालायची. संध्याकाळी त्यांचं सरबत गाळून व्हायचं, काचेच्या दोन पेल्यांत पाणी आणि वर तेल ओतून वाती लागायच्या, आणि आतल्या खोलीचं दार लावून बाबा हळू आवाजात आशीर्वाद म्हणायचे. एसी मुद्दाम फुल्ल असायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. थंडीच्या दिवसांतसुद्धा. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा आमचा विसाव्याचा दिवस, म्हटला की मला आजही आधी थंडी आठवते.

समोरच्या दारात जुलेखाचाची राहायची. ती रेवदंड्याकडची कोकणी मुसलमान, बावीस-तेवीस वर्षांची. तिचा नवरा उस्मानभाई अबकैकच्या एका कामगार छावणीच्या मेसमध्ये आचारी होता. कागदावर मात्र तो कतीफमधल्या एका दुकानदाराचा नोकर होता. त्या दुकानदारानं, म्हणजे त्याच्या कफीलनं, त्याला व्हिसा दिला, आणि काम मात्र हा दुसरीकडेच करत होता. तसं करणं गुन्हा होता आणि तसं करणारे आमच्या रस्त्यावर निदान दहा जण होते. कुणी कुणाबद्दल बोलायचं नाही, अळीमिळी गुपचिळी, असा सगळ्यांचा शिरस्ता होता. त्यांचा मुलगा सात महिन्यांचा. इरफान नाव. गुबगुबीत, रडका, आणि माझ्या कडेवर आला की गप्प बसणारा.

उस्मानभाई कतीफला गेला की तिथल्या बाजारातून कोलंबी आणायचा, आणि जुलेखाचाची वाटीभर कालवण आमच्याकडे पाठवायची. ज्याला खवले आणि पर नाहीत असं समुद्रातलं काही आम्ही खात नाही. कोलंबी नाही, कुर्ली नाही, मोरी नाही. आई तोंडभर आभार मानून वाटी घ्यायची आणि कालवण मांजरांना घालायची. कोकणातली माणसं, मासे खातात, आणि कोलंबी टाकतात! कुणीही कोकणी माणसानं दोन दिवसांत ओळखावं अशी ती चूक होती. काही महिन्यांनी वाटीत कोलंबी येणं बंद झालं. पापलेट यायचं, खवल्यांचा हामूर यायचा. आई म्हणाली, "कोलंबी महागली असेल." त्या दिवसापासून जुलेखाचाचीचं नाव निघालं की बाबांचा जबडा हलायचा थांबायचा.

मग आखाती लढाई आली आणि आमची दम्मामची शाळा बंद झाली. रस्त्यावर अमेरिकी ट्रक दिसू लागले, पुण्याची निम्मी मंडळी बायकामुलांना घेऊन घरी पळाली. आम्ही राहिलो, कारण परत जाणाऱ्याला कंपनी पुन्हा घेईल याची खात्री नव्हती. मी पंधरा वर्षांची, दिवसभर घरात. बाबा कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पाइपांचे, टाक्यांचे नकाशे काढायचे. मला रिकामी बसलेली बघून त्यांनी ठरवलं की आता मला ड्रॉइंग शिकवायचं, आणि शिकवायचं तर एकच ड्रॉइंग: मिश्कान.

मिश्कान म्हणजे आमच्या पूर्वजांचा तंबू. मिसरातल्या गुलामीतून सुटून वाळवंटात फिरत असताना त्यांनी देवासाठी उभारलेलं, सोडता-बांधता येणारं घर. पुढे यरुशलेममध्ये दगडाचं मंदिर बांधलं गेलं, ते याच नकाशावर, मापं दुप्पट करून. बाबांना मंदिराचं फारसं कौतुक नव्हतं. "दगडाचं काय, कुणीही बांधतो आणि कुणीही पाडतो," म्हणायचे. तंबू म्हटला की मात्र त्यांचे डोळे वेगळे व्हायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना तो जमिनीवर खडूनं काढून शिकवला होता. शिवाय हेच वाळवंट, अशीच बाभळीची झाडं, खिडकीतून बाहेर बोट करून ते म्हणायचे, "फळ्या कसल्या होत्या? ह्याच, बाभळीच्या. वर सोनं मढवलेलं."

मापं हातात होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, आपल्या आजीच्या वेळचा. अंगण शंभर हात लांब, पन्नास हात रुंद, भोवती साठ खांब आणि पांढऱ्या तागाची कनात. दार फक्त पूर्वेला. आत शिरलं की आधी पितळेनं मढवलेली वेदी, तिच्यावर जनावरं जळायची. मग हातपाय धुवायचं भांडं, बायकांनी दिलेल्या पितळी आरशांचं घडवलेलं. मला ते आरसे फार आवडायचे. वाळवंटात स्वतःचा आरसा देऊन टाकणाऱ्या बायका कशा असतील असं वाटायचं. बाबांना धातूंत रस होता. "बाहेर पितळ," ते पेन्सिलीनं ठोकत सांगायचे, "फळ्यांच्या पायाशी चांदी, आत सोनं. जसजसं आत जाशील तसतसा धातू महाग, कापड भारी आणि माणसं कमी. अंगणात सगळे. तंबूच्या पहिल्या खोलीत फक्त याजक, म्हणजे पुजारी. आणि पडद्यापलीकडे?"

"एकच माणूस," मी म्हणायची. "वर्षातून एकदा."

पडद्यापलीकडची खोली दहा हात लांब, दहा हात रुंद, दहा हात उंच. ना खिडकी, ना दिवा. आत एक सोन्याची पेटी, तिला कड्या, कड्यांत दांडे, आणि ते दांडे कधी काढायचे नाहीत, कारण निघायची वेळ सांगून येत नाही. तिथं जाणाऱ्या मुख्य याजकाच्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा असत. आत जाताना-येताना त्या वाजल्या पाहिजेत, नाहीतर तो मेला. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. बाबांनी हातातली स्टीलची पट्टी उभी धरून माझ्या बोटांवर मारली.

ती पट्टी पुढे रोजची झाली. पहिल्या खोलीत शिरल्यावर सात दिव्यांचा दीपवृक्ष डावीकडे, दक्षिणेला. भाकरींचं मेज उजवीकडे, उत्तरेला. मी एकदा उलट काढलं. डाव्या हाताची तीन बोटं सुजली आणि मला दोन दिवस केस बांधता आले नाहीत. आई कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही. नंतर लोणी लावताना एवढंच म्हणाली, "दक्षिणेला काढायचं होतंस ना गं." संध्याकाळी बाबा सगळे ट्रेसिंग पेपर बेसिनमध्ये जाळून राख वाहून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असे मी तीस-एक तंबू काढले असतील. आजही मला कुणी झोपेतून उठवलं तर मी तो मापासकट काढून दाखवीन.

आता पन्नाशी उलटली. ठाण्यात रविवारी आमच्या समाजाच्या मुलांना मी हेच शिकवते. पुठ्ठा, सोनेरी कागद आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन. मुलं घंटांना हसतात आणि मी त्यांना हसू देते. एकच गोष्ट मी शिकवत नाही, तंबूभोवतीच्या पहाऱ्याची. जो त्या कामाचा नाही, परका आहे, तो तंबूजवळ आला तर त्याला जिवंत सोडायचं नाही असा नियम होता. बाबा तो नियम जेवताना सांगायचे, लोणचं मागावं तितक्या सहज. आणि वर ती पेटीची गोष्ट: पेटी गाडीवरून नेत होते, बैल ठेचकाळले, पेटी कलली, एका भल्या माणसानं पडू नये म्हणून हात दिला आणि तो जागच्या जागी मेला.

"पण तो मदत करत होता," मी म्हणाले.

"जागा चुकली त्याची," बाबा म्हणाले. "मदत करायलासुद्धा जागा लागते."

क्षेपणास्त्रांत विषारी गॅस असेल म्हणून सगळ्यांना एकेक खोली बंद करायला सांगितलं होतं. बाबांनी आतली खोली निवडली. खिडकीवर जाड प्लास्टिक, त्यावर रुंद टेप, एसीच्या फटीत फोम, दाराखाली ओला टॉवेल. काम इतकं सुबक की टेपची एक कड तिरकी नव्हती. काम संपल्यावर त्यांनी कोपरापासून हात टेकवत खोली मोजली. नऊ हात निघाली. ते थोडे हिरमुसले, मग म्हणाले, "चालेल." आणि नियम सांगितला: ह्या खोलीत आपण तिघांशिवाय कुणीही यायचं नाही, भोंगा वाजला तरी नाही. गॅसचा मास्क कंपनीनं फक्त नोकरांना दिला होता. घरात मास्क एक, आणि तो बाबांचा. आई आणि मी सोड्याच्या पाण्यात बुडवलेले रुमाल घेऊन बसायचो, आणि बाबा काळा मास्क लावून आमच्याकडे बघायचे. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आई म्हणायची, "कमावणारा जगला पाहिजे," आणि मला ते पटायचं.

जुलेखाचाचीच्या खिडकीची काच तडकलेली होती आणि तिच्याकडचा टेप सुटत होता. ती दारात येऊन म्हणाली, "दिवेकरभाय, जरा टेप उरला असेल तर द्या. उस्मानना ड्युटीवरून सवड नाय." बाबा म्हणाले, "संपला हो." कपाटावर तीन नवी रिळं होती. तिला ती दारातून दिसत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग "बरा, बरा" म्हणत गेली. मी लाजले नाही. उलट बाबा किती पटकन खोटं बोलू शकतात याचं मला कौतुक वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग नुकतीच होऊन गेली होती. आम्ही आत बसलो होतो. दिवे लागलेले, मनुकांचं सरबत पेल्यात, चादरीवर दोन चपात्या रुमालाखाली झाकलेल्या. बाबा उभे राहून आशीर्वाद म्हणायला लागले आणि भोंगा वाजला. बाबांनी थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. एका हातानं त्यांनी एसी बंद केला, कारण बाहेरची हवा आत यायला नको, आणि दुसऱ्या हातात पेला धरून हिब्रू म्हणत राहिले. एसी बंद झाल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खणखणीत ऐकू आला. मला वाटलं, किती सुंदर आवाज आहे ह्यांचा.

बाहेरच्या दाराला कडी नव्हती लावलेली. ती आमची चूक. जुलेखाचाची बाहेरच्या खोलीतून थेट आतल्या दारापर्यंत आली. "वयनी," तिनं दार वाजवलं. "वयनी, दार उघडा. माझे खोलीचा प्लास्टिक पडला. पोर हाय माझेकडं."

बाबा गप्प झाले. आई उठली. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं, इतक्या जोरात की बांगडी फुटली. दिवे समोर जळत होते, चपात्या झाकलेल्या, बाबांच्या डोक्यावर टोपी. दिवा विझवता आला असता. टोपी खिशात टाकता आली असती. दहा सेकंदांचं काम होतं, आणि दार उघडून "या, या" म्हणता आलं असतं. पण शब्बाथचा दिवा लागला की विझवायचा नाही, आणि परक्यानं आत यायचं नाही, आणि बाबा नियमाचे पक्के. त्यांनी मास्क चढवला.

"लीला," बाहेरून आवाज आला. ती आता माझं नाव घेत होती. "लीला, अगे पोराला तरी घे. मी बाहेर बसतो, नुसता पोराला आत घे."

मी दाराच्या सगळ्यात जवळ होते. कडी माझ्या डोक्याच्या वर, हात लांब केला की पोचेल एवढी. इरफान रडत होता आणि मध्येच खोकत होता. मी आईकडे पाहिलं. आई फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करत होती, एकेक, चादरीवरून. मी ओला रुमाल नाकाला लावला. मला कुणी अडवलं नव्हतं, माझं मनगट कुणी धरलं नव्हतं. मीच हात लांब केला नाही. ह्यावर मी पुढे खूप कारणं रचली, वय, भीती, बाबा. ती सगळी खोटी आहेत. मला जगायचं होतं आणि ती बाहेर होती, एवढंच.

कुठेतरी लांब दोन धडाके झाले, खिडकीवरचं प्लास्टिक आत-बाहेर झालं. मग बराच वेळ काहीच नाही. धोका टळल्याचा दुसरा भोंगा वाजला तेव्हा बाबांनी दिवे कपाटामागे सरकवले, टोपी काढली आणि दार उघडलं. जुलेखाचाची दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पोराला पोटाशी धरून त्यावर ओली ओढणी घेतली होती. पोर झोपलं होतं. गॅस नव्हताच, कुठल्याच क्षेपणास्त्रात नव्हता, हे पुढे सगळ्यांना कळलं. ती भिंतीला धरून उठली. बाबांच्या हातातल्या मास्ककडे तिनं पाहिलं. मग आईला म्हणाली, "कायी नाय वयनी. तुमचेकडं ऐकू आला नसेल." आणि निघून गेली.

मी सुटकेचा श्वास टाकला. बाबांनी नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ते दाराच्या छिद्रातून समोरचं दार बघत उभे राहायचे. "तिनं ऐकलंय," म्हणायचे. "दाराला कान होता तिचा. हिब्रू ऐकलंय." आई म्हणाली, "तिला काय कळतंय? काहीतरी मंत्र म्हणतायत, असं वाटलं असेल." बाबा म्हणाले, "आणि 'ऐकू आला नसेल' असं का म्हणाली? आपण ऐकलं हे तिला पक्कं माहीत आहे. ती आता हे धरून ठेवणार. एक दिवस वापरणार." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिचं दार लागलं की बाबा दचकायचे, उघडलं की दचकायचे. जेवण गेलं त्यांचं. चार दिवसांत माणूस निम्मा झाला.

पाचव्या दिवशी त्यांनी मला ड्रॉइंगच्या टेबलापाशी बसवलं. मला वाटलं, तंबू. त्यांनी पांढरा कोरा कागद ठेवला, ट्रेसिंग नव्हे. शाळेत अरबीत माझा पहिला नंबर असायचा. अक्षर वळणदार म्हणून बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. बाबा मराठीत सांगत गेले आणि मी अरबीत लिहीत गेले. अमुक नावाचा हिंदी माणूस, अमुक इमारतीत राहतो, कतीफच्या अमुक कफीलच्या नावावर आला आहे आणि अबकैकच्या अमुक मेसमध्ये काम करतो. खाली सही नाही. परदेशी लोकांचे इकामे बघणाऱ्या सरकारी ऑफिसला द्यायचं पत्र.

अर्ध्यावर मी थांबले. "बाबा, त्यांना घालवून देतील."

"घरी पाठवतील. आपलं कळलं तर आपल्याला घरी पाठवणार नाहीत."

"इरफान लहान आहे."

बाबांनी पट्टी उचलली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेच जास्त वाईट. "लेया," ते म्हणाले, "तू आहेस, तुझी आई आहे. मी कुणाला आत ठेवू?"

मी लिहिलं. दुसरी ओळ जरा वर चढली होती, म्हणून त्यांनी ते फाडलं आणि मला पुन्हा लिहायला लावलं. दुसऱ्यांदा मी जास्त चांगलं लिहिलं. हे सांगताना माझी मलाच शिसारी येते, पण खरं आहे: अक्षरं नीट बसत होती तेव्हा मला बरं वाटत होतं.

उस्मानभाईला मेसमधूनच, अंगातल्या एप्रनसकट, नेलं. दोन आठवडे तो कुठे आहे ते जुलेखाचाचीला कुणी सांगितलं नाही. ती रोज पोराला कडेवर घेऊन टॅक्सीनं ऑफिसाच्या दारात जाऊन बसायची आणि संध्याकाळी परत यायची. एकदा जिन्यात भेटली तर मला म्हणाली, "तुला अरबी येते ना गे, मना एक अर्ज लिहून दे." मी तोही लिहून दिला. त्याच अक्षरात, त्याच टेबलावर. देवाच्या दयेनं म्हणा की शिक्षेनं, दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. अर्जाचा उपयोग झाला नाही. लढाई थांबली, विमानं सुरू झाली आणि त्यांना खलास म्हणून पासपोर्टवर शिक्का मारून दिला. पुन्हा त्या देशात पाय ठेवायचा नाही. उस्मानभाईला थेट विमानतळावर आणणार होते, ही पोराला घेऊन तिथं पोचणार होती. गावी त्यांचं अर्धवट बांधलेलं घर होतं, छप्पर यायचं होतं.

निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. बाबा आतल्या खोलीत होते, दार अर्धं लोटलेलं. आईनं वाटेत खायला चपात्या आणि अंडी बांधून दिली. जुलेखाचाचीनं डबा घेतला, इरफानला माझ्या कडेवर दिलं, आणि आवाज खाली आणून आईला म्हणाली, "वयनी, एक सांगू? रागवू नका. शुक्रवारचे दिवे लावतांव ना, तवा खिडकीचा पडदा नीट ओढीत जा. खाली रस्त्यावरून उजेड दिसतो. मी उस्मानना सांगून ठेवला होता, कोणी विचारला तर सांगायचा, त्यांचा कायी उपास असतो. आता समोर कोण येल, तो आपले मुलखातला असेल-नसेल."

आईनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आमचे आजीनं जल्मभर तुमचे लोकांचे घरचाच तेल खाल्ला," जुलेखाचाची म्हणाली. "मांजरांना कोलंबी घालतांना बघला, तवाच वळखला तुमाला. आपलीच माणसा हाव, म्हणून जीवाला बरा वाटला होता." मग तिनं इरफानला माझ्याकडून घेतलं. त्यानं माझी वेणी मुठीत धरली होती, ती बोटं तिनं एकेक करून सोडवली. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. आई दारात उभी होती, जिन्यातला आवाज संपेपर्यंत, आणि नंतर तिथंच खाली बसली.

बाबा बाहेर आले. त्यांनी दार लावलं, कडी घातली, कडी बसली की नाही हे ओढून पाहिलं. चेहरा शांत होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "सगळं माहीत होतं तिला. वेळेवर केलं आपण."

आणि मी "हो" म्हणाले.